सासूबाईंची मिशी

पुतळेमामांनी आयुष्यभर बिनचेहऱ्याची माणसं बनवली. कापडाच्या दुकानांत काचेमागे एक हात कमरेवर ठेवून उभे असतात ना, तसले पुतळे. दुकानदारांची अटच तशी असायची. चेहरा नको, गिऱ्हाईक चेहऱ्याकडे बघत बसतं आणि सदरा विसरतं. त्यामुळे मामांच्या कारखान्यात, म्हणजे दोन खोल्या, एक मोरी आणि खिडकीत वाळत टांगलेले हात एवढ्या जागेत, नाका-डोळ्यांना प्रवेशच नव्हता. मानेवर एक गुळगुळीत अंडं बसवायचं, त्यावर पॉलिशपेपर फिरवायचा, की माणूस तयार. मामा म्हणत, जगातली बरीचशी माणसं अशीच तयार झालेली आहेत, फक्त कुणीतरी नंतर त्यांना नाक लावून दिलंय.

कामाला मात्र माणूस चोख. कागदाचा लगदा, सरस आणि खडूची भुकटी यांचा गोळा ते असा मळत की त्यापुढे कणीक काय. आत तारेचा सांगाडा, वर लगद्याचे थर. खिशात तारेचं एक भेंडोळं आणि पक्कड कायम असे, लग्नाच्या फोटोतसुद्धा मामांचा डावा खिसा फुगलेला दिसतो. रंगाचं काम मामींचं. नखं रंगवायची, केसांचे टोप बसवायचे, गालांवर हात फिरवून कुठे खडबडीत राहिलंय ते सांगायचं. नवरा-बायको दिवसभर एका खोलीत कामाला, आणि तरी दोघांचं पटतं, याचं गल्लीला नवल वाटायचं. मामींचं म्हणणं, खोलीत इतकी माणसं असतात की एकट्या नवऱ्याशी बोलायची वेळच येत नाही.

मामांचा एक दुर्गुण सांगून टाकायला हवा, कारण तो पुढे लागणार आहे. त्यांना गोडाची चोरून खायची सवय. समोर ठेवलेलं गोड ते फारसं खात नाहीत. पण डबा कपाटात असेल, कपाट बंद असेल आणि बायको मोरीत असेल, तर मामांचे पाय आपोआप तिकडे वळतात. डॉक्टरांनी साखर तोडायला सांगितल्यापासून तर जास्तच. मामींनी कपाटाला कुलूप लावलं, तेव्हा मामांनी पक्कड काढून बिजागरी उघडली आणि बिस्किटं खाऊन बिजागरी परत इतकी छान बसवली की कपाट पूर्वीपेक्षा नीट लागायला लागलं.

तर वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरापासून बसने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर एक जुना किल्ला आहे. खंदक, साखळ्यांवर उचलला जाणारा पूल, उंच बुरूज, खाली अंधारकोठडी, सगळं जागच्या जागी. नव्हती ती माणसं. लोक रिकाम्या दालनांतून हिंडत, "बाई, किती गार आहे" असं म्हणत आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसत. तेव्हा किल्ल्याचा व्यवस्थापक, एक किडकिडीत चष्मेवाला गृहस्थ, मामांना शोधत कारखान्यात आला. त्याला राजा हवा होता, राणी हवी होती, पहारेकरी, आचारी, एक चोर आणि एक जेलर हवा होता. आणि या सगळ्यांना चेहरे हवे होते, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा आत्ता बोलेल.

मामा हो म्हणून बसले आणि पस्तावले. माती घेऊन चेहरा करायला बसावं तर हातून अंडंच बाहेर पडे. पाच-सहा अंडी झाली. शेवटी कंटाळून त्यांनी डोळे मिटले आणि हातांना काय करायचं ते करू दिलं, तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं नाक तयार झालं. नाकामागून न्हावी आला. त्याला मुकुट घातल्यावर तो राजा म्हणून बरा शोभला. मग मामांना गुरुकिल्ली सापडली. हाताला माहीत असलेली तोंडंच हातातून उतरतात. लहानपणी छडी मारणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई राणी झाल्या. दारात भाल्याला टेकून डुलक्या घेणारा पहारेकरी करायचा होता, त्याला मामींचा थोरला भाऊ आयताच मिळाला. हा मेहुणा पाणीपुरवठा खात्यात होता आणि कुठेही, कसाही, उभ्या-उभ्यासुद्धा झोपू शकत असे.

राहिला जेलर.

इथे सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. मामींच्या आईला हे लग्न पसंत नव्हतं. "मुलाकडे माणसं किती आहेत" असं कुणीतरी विचारलं, तर त्या भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "माणसं कसली, नुसती धडं आहेत." लग्नानंतरही मामा सासरी गेले की सासूबाई खुर्चीतून उठत, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढत, कपाट उघडत, बशीत दोन बिस्किटं ठेवत आणि कपाट पुन्हा बंद करत. कुलपाचा कट्ट असा आवाज होई. दोन म्हणजे दोन. मामांना बिस्किटापेक्षा तो आवाज जास्त लागे. घरी परत येताना बसमध्येसुद्धा तो कानात वाजत राही.

जेलरचं काम आलं नेमकं तेव्हाच सासूबाई आजारी पडल्या आणि मामी माहेरी गेल्या. चार दिवसांचे आठ झाले, आठांचा महिना होत आला. मामा उकडलेली अंडी आणि पाव यांवर दिवस काढत होते. त्यातच मामींचा फोन आला की आईला अजून बरं वाटत नाही, थोडं राहते. मामा फोन ठेवून मातीसमोर बसले आणि एका बैठकीत जेलर उतरला. वर चढलेली भुवई, मिटलेले ओठ, हनुवटीवरचा तीळ, सगळं. काम संपल्यावर त्यांनी दोन पावलं मागे येऊन बघितलं. सासूबाई समोर बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

आता मोडावा तर मुदत जवळ आलेली. आणि खरं सांगायचं तर मोडवत नव्हता, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. मामांनी टोपांच्या डब्यातून राठ केस काढले आणि त्या चेहऱ्यावर एक भरघोस, खाली वळलेली मिशी चिकटवली. कमरेला लाकडी किल्ल्यांचा जुडगा अडकवला. मामी परत यायच्या आत जेलर पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठोकला आणि त्या आल्यावर त्यांना बजावलं की हे खोकं झालंय, उघडू नकोस. मग श्रमाने म्हणा की भीतीने, मामांना सडकून ताप भरला. चोर तेवढा राहिला होता, तो मामींनी एकटीने केला. मामांनी तो पाहिला थेट किल्ल्यातच. स्वयंपाकघरात पिंपामागे उकिडवा बसलेला, गाल भरलेले, हातात अर्धी पोळी आणि एक डोळा दाराकडे. मामांना तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. इतका लबाड चेहरा त्यांनी कुठे पाहिला नव्हता. मामींचा हात रंगाला चांगला, मातीला कच्चा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पुढे दर वर्षी ते पुतळ्यांची झाडलोट आणि डागडुजी करायला किल्ल्यावर जात, तेव्हा फडकं मारताना या चोराच्या टाळक्यात एक टपली देत.

वर्षं गेली. सासूबाई आपल्या घराच्या जिन्यावरून घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला. मेहुण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून त्या लेकीकडे आल्या. आल्या त्या अट घालून. किल्ल्यांचा जुडगा कमरेला तसाच होता. म्हणाल्या, "माझं घर आहे. किल्ल्या माझ्याकडे आहेत. ज्या दिवशी इथे माझा मान कमी झाला, त्या दिवशी मी निघाले." आणि त्या निघाल्या असत्या, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. त्या उभ्या चढाच्या जिन्यावर, एकट्या, त्या पायाने.

मामांनी जीव मुठीत धरून महिना काढला. मग हळूहळू काहीतरी भलतंच झालं. सासूबाई दुपारी कारखान्यात येऊन बसायला लागल्या. टोपांचे केस विंचरून द्यायला लागल्या. बिनचेहऱ्याच्या पुतळ्यांना त्यांनी नातेवाइकांची नावं ठेवली आणि कोण कुणासारखं उभं आहे यावर मामांशी वाद घालू लागल्या. एक पाठमोरा पुतळा धाकट्या जावेसारखा उभा आहे, हे तो दिवसभर समोर असूनही मामांना दिसलं नव्हतं, त्यांना लगेच दिसलं. दोघं खो खो हसत. मामींना पलीकडच्या खोलीतून विचारावं लागे की काम चाललंय की तमाशा. एके दिवशी सासूबाईंचं डोकं दुखत होतं म्हणून त्या कारखान्यात आल्या नाहीत, तर मामांना दिवस जाता जाईना. त्यांना सासूबाई आवडायला लागल्या होत्या. या वयात हे असं होईल याची कल्पना नसल्यामुळे ते जरा लाजलेसुद्धा.

आणि त्याच वेळी, तिकडे किल्ल्याच्या तळघरात, सासूबाई मिशी लावून उभ्या होत्या.

इतकी वर्षं मामांनी कुटुंबाला किल्ल्यापासून लांब ठेवलं होतं. विषय निघाला की कधी किल्ल्याची दुरुस्ती चालू असे, कधी पूल वर अडकलेला असे, आणि काही सुचलं नाही तर वटवाघळं असत. पण एका रविवारी मेहुणा आला. निवृत्तांच्या मंडळाची एका दिवसाची सहल निघत होती, किल्ल्यावरच, आणि बसमध्ये जागा होत्या. मामांनी ताबडतोब वटवाघळं बाहेर काढली. मेहुणा म्हणाला, बघू तरी, तुमचं काम आम्ही कधी पाहिलंच नाही. मामांनी जिन्यांचा मुद्दा मांडला, गारठ्याचा मांडला, हवेतल्या ओलीचा मांडला. सासूबाईंनी केस विंचरता विंचरता सगळं ऐकून घेतलं आणि फणी खाली ठेवली.

"मला जायचंय," त्या म्हणाल्या.

झालं. मामा मूग गिळून बसले.

सहलीच्या दिवशी सकाळी बसमध्ये मंडळातले सगळे निवृत्त गृहस्थ आपापल्या स्वेटरांत आणि आपापल्या डब्यांसकट बसले होते. मेहुणा बस सुरू व्हायच्या आत झोपला. मामी खिडकीशी होत्या आणि बाहेर बघून मधूनच ओठ दाबत होत्या, बस लागत असावी असं मामांना वाटलं. मामा मनातल्या मनात नकाशा मांडत होते. आधी दिवाणखाना, मग स्वयंपाकघर, मग सगळ्यांना गच्चीवर न्यायचं, तिथून नदी दाखवायची, दम लागेल इतकी दाखवायची, मग चहा आणि मग बस. तळघर राहून गेलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पण चोराच्या मनात चांदणं. खंदकावरचा पूल ओलांडून तिकिटांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मामांची पाचावर धारण बसली. मागच्या वर्षी नव्हता असा एक गोल फिरणारा स्टँड तिथे उभा होता, पोस्टकार्डांचा. राजा एका ओळीत, राणी एका ओळीत, आणि बाकी सगळ्या ओळींत जेलर. जेलर समोरून, जेलर बाजूने, जेलर जवळून. तिकिटं देणारी पोरगी उत्साहाने म्हणाली की काका, तुमचा जेलर सगळ्यात जास्त खपतो, लोक त्याच्या गळ्यात हात घालून फोटो काढतात. मामा स्टँडला पाठ लावून उभे राहिले. सासूबाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात त्यांनी भराभर कार्डं पालथी घातली. खालच्या ओळीसाठी वाकले, तर मेहुण्याने विचारलं की काही पडलंय का. मामा म्हणाले, कंबर धरलीय.

दिवाणखान्याच्या दारात पहारेकरी भाल्याला टेकून झोपला होता. मेहुण्याने त्याच्यासमोर उभं राहून त्याला नीट न्याहाळलं. तोच ओघळलेला जबडा, तीच एका बाजूला कललेली मान. मामांनी श्वास रोखला. मेहुणा मान हलवत म्हणाला की असल्या माणसांमुळेच राज्यं जातात, खात्यातही असे होते. एवढं बोलून तो शेजारच्या बाकावर टेकला, जबडा ओघळला, मान कलली आणि तो झोपला. सासूबाईंनी एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, एकदा जावयाकडे.

"घोरत तेवढा नाही," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मामांना घाम फुटला. यांना मुलगा ओळखता येतोय, म्हणजे बाईंची नजर शाबूत आहे.

स्वयंपाकघरात मोठी चूल होती, लटकवलेली पातेली होती आणि पिंपामागे तो चोर. इथे मात्र मामांना जरा मोकळं वाटलं, हा काही त्यांचा गुन्हा नव्हता. सासूबाई पिंपाजवळ गेल्या, वाकल्या आणि चोराकडे बघतच राहिल्या. मग तिथल्या लाकडी स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामींनी तोंडावर रुमाल धरला होता. मामांना वाटलं बायकोच्या कच्च्या कामाला हसताहेत. मग त्यांनी मोठ्या मनाने समजावून सांगितलं की हा मी केलेला नाही, तेव्हा मी तापाने पडलो होतो, मूळ कल्पना चांगली आहे, पण चेहरा जमलेला नाही.

"असा लबाड माणूस असतो का कुठे?" मामा म्हणाले.

"असतो," मामी रुमालाआडून म्हणाल्या.

मामांनी सवयीने चोराच्या टाळक्यात टपली दिली. त्याबरोबर सासूबाईंना ठसका लागला आणि त्यांना पाणी पाजावं लागलं.

मामा म्हणाले, चला आता गच्चीवर, नदी काय सुंदर दिसते. सासूबाई काठी टेकत उठल्या आणि विचारू लागल्या की अंधारकोठडी कुठे आहे. मामा म्हणाले, खाली. पण जिना निसरडा आहे, उजेड नाही, बघण्यासारखं काही नाही.

"आई, तुमचे गुडघे," मामा शेवटी केविलवाण्या आवाजात म्हणाले.

"गुडघे माझे आहेत. हात तेवढा तुमचा द्या," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा स्वतःच्या हाताने धरून, एक एक पायरी सांभाळत, "इथे जरा वाकडी आहे" असं सांगत, मामांनी सासूबाईंना मिशीवाल्या सासूबाईंपर्यंत नेऊन पोचवलं. वाटेत त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं. घरी गेल्यावर त्या पिशवी भरतील. मामी रडतील. त्यांच्या घराचा तो जिना. रिकाम्या घरात एकट्या बसलेल्या सासूबाई आणि इकडे कारखान्यात पुन्हा नुसती धडं. मामांना वाटलं, त्या वेळी माझ्या हातांना पक्षाघात का झाला नाही.

तळघरात एकच दिवा होता, आणि तोही कुणीतरी मुद्दाम जेलरच्या तोंडावर सोडलेला. एक तरुण जोडपं त्याच्या दोन बाजूंना उभं राहून फोटो काढत होतं. सासूबाई शांतपणे थांबल्या. जोडपं गेलं. मग त्या काठी टेकत पुढे झाल्या आणि जेलरसमोर उभ्या राहिल्या. दोघांची भुवई सारखीच वर चढलेली. दोघांचा तीळ एकाच जागी. मिशी तेवढी एकालाच. मामांनी भिंतीचा आधार घेतला.



"किल्ल्या डावीकडे हव्या होत्या," सासूबाई म्हणाल्या.

मामा जेलरच्या कमरेकडे बघू लागले.

"मी डावखुरी आहे, जावईबापू. इतकी वर्षं माझ्या हातची बिस्किटं खाल्लीत, आणि एवढं दिसलं नाही तुम्हाला?"

मामा कसंबसं म्हणू लागले की आई, तेव्हा मी, म्हणजे तेव्हा हिला यायला उशीर झाला होता, आणि अंडी खाऊन खाऊन. सासूबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग जे कळलं ते असं. खोकं उघडू नकोस म्हटल्यावर मामींनी ते त्याच दुपारी उघडलं होतं. ओठांचा रंग त्यांना पटला नाही, तो त्यांनी दुरुस्त केला, खोकं परत ठोकलं आणि आईला जाऊन सगळं सांगितलं. सासूबाई आजारपणातून उठून बसल्या, संतापल्या, जेवेनाशा झाल्या. मग मामींनी विचारलं की एक चोर करायचा राहिलाय, चेहरा कुणाचा देऊ. हे ऐकल्यावर सासूबाईंना भूक लागली.

"मीच सांगितलं तिला," सासूबाई म्हणाल्या, "गाल भरलेले कर, आणि एक डोळा दाराकडे."

मामा बायकोकडे बघू लागले. मामी तळघराच्या छताचं निरीक्षण करत होत्या. मामांनी नकळत आपल्या गालावर हात फिरवला. दर वर्षी टपली मारलेलं ते टाळकं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मामांनी आयुष्यात अनेकांना ऐकवली होती.

"वीस वर्षं वाट बघतेय मी तो चोर बघायची," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही वटवाघळं पुढे करायचात."

मामांनी विचारलं की मिशी काढून टाकू का, आत्ता काढतो, पक्कड आहे खिशात. सासूबाईंनी जेलरकडे डोकं तिरपं करून पाहिलं आणि म्हणाल्या की राहू दे, मिशीने रुबाब आलाय. मग मामांना जे विचारायचं होतं ते त्यांनी एकदाचं विचारलं.

"आई, तुम्ही जाणार नाही ना?"

 सासूबाईंनी काठी मामींकडे दिली, डावा हात कमरेला नेला आणि किल्ल्यांचा जुडगा सोडवला. तो सोडवायला वेळ लागला, इतक्या वर्षांची गाठ होती.

"या लावा त्याला. डावीकडे."

"अहो, पण या तुमच्या घराच्या," मामा म्हणाले.

"त्या घराचं कुलूप माझ्या मुलाने केव्हाच बदललंय. भाडेकरूसुद्धा राहायला आलेत. मला सांगायचा धीर होत नाही त्याला. आज सांगणार होता, म्हणून तर आपल्याला सहलीला आणलं. आणि वर जाऊन झोपला." सासूबाईंनी जुडगा मामांच्या हातात ठेवला. "म्हातारीला माहीत नसतं असं तुम्हा सगळ्यांना का वाटतं, देव जाणे."

मामांनी खिशातून तार काढली. लाकडी किल्ल्या उतरवल्या आणि खऱ्या किल्ल्या डावीकडे बांधल्या, तीन वेढे देऊन, पक्कडीने घट्ट पिळून. काम नेहमीसारखं पक्कं झालं. मामी बाजूला उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि आता रुमालाआड हसणं नव्हतं. वर गेल्यावर मेहुण्याला उठवलं. तो दचकून म्हणाला की आई, मला तुला एक सांगायचंय. सासूबाई म्हणाल्या, सांग हो सावकाश, आधी तोंड पूस.

परतीच्या बसमध्ये सासूबाईंचा डावा हात सारखा कमरेकडे जात होता. काही सापडत नव्हतं, मग तो परत मांडीवर येत होता. मामा ते बघत होते. मामीही बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी बिस्किटांच्या कपाटाची किल्ली नव्या नाडीत ओवून आईच्या हातात दिली. आणि एवढ्यावर न थांबता बिजागरीची गोष्टही सांगून टाकली. मामा घरभेदी म्हणून ओरडले, पण ऐकणार कोण. सासूबाईंनी किल्ली कमरेला लावली, डावीकडे, आणि दुपारी चहाच्या वेळी खुर्चीतून उठल्या. कपाट उघडलं. बशीत दोन बिस्किटं ठेवली. थोडा विचार केला आणि साखरेचं कारण सांगून त्यातलं एक परत डब्यात टाकलं. कुलपाचा कट्ट असा आवाज झाला.

मामांनी ते एकुलतं बिस्किट अख्खंच तोंडात टाकलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. समोर पुतळ्यांचे टोप बसवताना लागणारा आरसा भिंतीला टेकून उभा होता. त्यात दोन्ही गाल भरलेला एक माणूस एका डोळ्याने कपाटाकडे बघत होता. मामींचा हात मातीलाही चांगला होता.